कॉफीचा बस्ति व ग्रंथोक्त बस्ति : एक कालनिर्णय

पंचकर्मांपैकीं बस्तीचा विषय निघाला कीं अलीकडे त्यास जोडून कॉफीच्या बस्तीची गोष्ट ऐकूं येते. कॉफीचा काढा गुदमार्गानें आंत घेतला असतां यकृत शुद्ध होतें, शरीरांत सांचलेलें विष निघून जातें, इतकेंच नव्हे तर कर्करोगासारखा दुर्धर व्याधीहि हटतो, असें सांगितलें जातें. हा प्रयोग वैद्यावांचून घरच्या घरीं करतां येतो, ही त्याची विशेष प्रशंसा. त्यास आधार काय असें विचारलें असतां बोट इतिहासाकडे दाखविण्यांत येतें : ही आमच्या पूर्वजांचीच विद्या, चरकानें सांगितलेली, हजारों वर्षांची. औषधाच्या गुणावगुणांचा निर्णय वैद्यांनीं व डॉक्टरांनीं करावा हें उघड आहे. परंतु एखादी गोष्ट किती जुनी व कोणाची, हा प्रश्न इतिहासाचा आहे. येथें तर त्याच्या उत्तरावर विश्वास ठेवून रोगी आपला जीव पणास लावतो. म्हणून मुळावांचून कांहीं लिहूं नये हा मल्लिनाथाचा दंडक या विषयांत अधिकच कटाक्षानें पाळला पाहिजे.

प्रथम द्रव्याचा काल पाहूं. कॉफीचें झाड मूळचें इथिओपियाकडील. तिच्या बियांचें पेय घेण्याची चाल येमेनमधील सूफी मंडळींत इसवी सनाच्या १५ व्या शतकांत आढळते. तेथून ती मक्का, कैरो व इस्तंबूल येथें पसरली आणि १७ व्या शतकांत युरोपांत रुजली. आपल्याकडे चिकमगळूरच्या डोंगरांत बाबा बुदन यांनीं कॉफीचें बीं आणून लावलें अशी परंपरा आहे. तीहि १७ व्या शतकाच्या मागें जात नाहीं. मराठींत या बियांस बुंद किंवा बुंददाणे म्हणत. हा शब्द अरबी ‘बुन्न’ याचेंच रूप असून, माल कोणत्या दिशेनें आला हें तो स्वतःच सांगतो. भावमिश्राचा भावप्रकाश हा १६ व्या शतकांतील ग्रंथ नव्या गोष्टींची दखल घेण्यांत मागें नाहीं. फिरंगरोग आणि त्यावरील चोपचिनी या दोहोंचा त्यानें समावेश केला आहे. तरी त्याच्याहि निघंटुभागांत कॉफी नाहीं. मग चरक, सुश्रुत व वाग्भट यांच्या संहितांत ती कोठून असणार? कॉफीचा बस्ति संहितोक्त आहे हें म्हणणें एवढ्यावरच निकालांत निघतें.

आतां कोणी म्हणेल कीं द्रव्य नवें असलें तरी कर्म जुनेंच आहे. या आक्षेपाचा विचार करण्यापूर्वीं जुनें कर्म काय होतें तें पाहिलें पाहिजे. बस्तीचें प्राचीनत्व निःसंशय आहे. १८९० सालीं कुचा येथें सांपडलेल्या व हर्न्ले यांनीं संपादिलेल्या बॉवर हस्तलिखितांतील नावनीतकांत बस्तियोगांचा स्वतंत्र अध्याय आहे. सुश्रुताच्या चिकित्सास्थानांत ३५ ते ३८ हे अध्याय, अष्टांगहृदयाच्या सूत्रस्थानांत १९ वा अध्याय व शार्ङ्गधराच्या उत्तरखंडांत तीन अध्याय याच विषयाचे आहेत. चरकसंहितेचें सिद्धिस्थान तर बहुतेक बस्तीनेंच व्यापिलें आहे. मात्र येथेंहि एक सूक्ष्म गोष्ट ध्यानांत ठेवावी. सिद्धिस्थानाचे बाराहि अध्याय दृढबलानें पूर्ण केलेल्या भागांत येतात. म्हणजे ‘चरकानें सांगितलें’ हें वाक्य खुद्द बस्तीविषयींहि जपूनच उच्चारलें पाहिजे.

या अध्यायांत काय आहे? नेत्र, म्हणजे बस्तीची नळी, सोनें, रुपें, तांबें, कांसें, अस्थि, शिंग, वेळू इत्यादिकांची असावी. तिचा आकार गाईच्या शेंपटीसारखा निमुळता असावा. ६, १२ व २० वर्षांच्या रोग्यांस ती अनुक्रमें ६, ८ व १२ अंगुलें लांब असावी. काढ्याच्या बस्तीस निरूह व स्नेहाच्या बस्तीस अनुवासन म्हणतात. निरूहाची मात्रा पहिल्या वर्षीं अर्धा प्रसृत. ती दर वर्षास अर्ध्या प्रसृतानें वाढत १२ व्या वर्षीं ६ प्रसृत होते, व पुढें दर वर्षास एक प्रसृत वाढून १८ व्या वर्षीं १२ प्रसृत, म्हणजे ९६ तोळे, भरते. हें प्रमाण सत्तर वर्षांपर्यंत चालतें; नंतर पुन्हां उतरतें. दिलेला निरूह एका मुहूर्ताच्या आंत, म्हणजे ४८ मिनिटांत, परत आला पाहिजे. न आल्यास तो आणण्याचा उपाय वैद्यानें तत्काळ करावयाचा. निरूहांत नुसता काढा नसतो. मध, सैंधव, स्नेह, कल्क व क्वाथ हीं क्रमानें घोटून एकजीव करावयाचीं असतात.

याहून महत्त्वाचा भाग निषेधांचा आहे. ज्यास अजीर्ण आहे, जो अतिशय दुर्बल किंवा कृश आहे, जो भुकेनें, तहानेनें वा श्रमानें व्याकुळ आहे, ज्यास नुकतेंच वमन वा विरेचन झालें आहे, ज्यास अतिसार जडला आहे, त्यास निरूह देऊं नये असें स्पष्ट बजाविलें आहे. सिद्धिस्थानाच्या ५ व्या अध्यायांत नळीचे आठ दोष, पिशवीचे आठ दोष व बस्ति देणाराच्या हातून घडणारे दहा दोष मोजले आहेत. ७ व्या अध्यायांत बस्तीपासून उद्भवणाऱ्या बारा व्यापत्ति व त्यांची चिकित्सा आहे. नुसते निरूहच देत गेल्यास वात कोपतो, म्हणून निरूह व अनुवासन यांची सांगड घालावयाची. सर्वांत मोठा क्रम जो कर्मबस्ति, त्यांत एकंदर ३० बस्ति. त्यांपैकीं स्नेहाचे १८ व काढ्याचे केवळ १२. बस्ति ही अर्धी चिकित्सा होय अशी जी ख्याति आहे, ती याच स्थानांतील आहे व वाताच्या प्रकरणीं आहे. ती ख्याति उचलावयाची आणि लगतच्या अध्यायांतील व्यापत्ति सोडून द्यावयाच्या, ही ग्रंथ वाचण्याची रीत नव्हे.

कॉफीच्या बस्तीची वंशावळ निराळीच आहे. गुदमार्गें औषध देण्याची कल्पना अनेक देशांत होती. मिसर देशाच्या एबर्स पॅपिरसांत असे प्रयोग आहेत. हिरोडोटसानें मिसरी लोकांच्या मासिक शोधनाचें वर्णन केलें आहे. १७ व्या शतकांतील फ्रान्समध्यें पिचकारीचें इतकें प्रस्थ होतें कीं मोलियेरनें १६७३ च्या आपल्या शेवटच्या नाटकांत तिची यथेच्छ थट्टा केली. एवढ्यावरून या सर्वांचा एक वंश ठरत नाहीं. १९ व्या शतकाच्या उत्तरार्धांत मात्र युरोपांत एक नवी उपपत्ति निघाली. आंतड्यांत सडणाऱ्या मळाचें विष रक्तांत भिनून सर्व रोग होतात, असें पॅरिसचे शार्ल बुशार यांनीं १८८७ च्या सुमारास प्रतिपादन केलें. या भयावर मोठा व्यापार उभा राहिला. न्यूयॉर्कमध्यें चार्ल्स टिरेल यांनीं घरगुती एनिमाचें एक उपकरण काढलें व त्यास आनंद, सौंदर्य व जीवन या अर्थाच्या तीन इंग्रजी शब्दांचीं आद्याक्षरें चिकटविलीं. १९१९ सालीं वॉल्टर अल्वारेझ यांनीं हीं लक्षणें विषाचीं नसून आंतड्यावर पडणाऱ्या ताणाचीं आहेत असें दाखवून ती उपपत्ति खोडली. वैद्यकांतून ती गेली, परंतु लोकांच्या मनांतून गेली नाहीं. शरीर ‘आंतून धुण्याची’ जी भाषा आज कानीं पडते, तिचें मूळ चरकापेक्षां बुशार यांच्या जवळचें आहे.

रुग्णालयांत काळी कॉफी गुदमार्गें देण्याचा प्रघात त्याच काळचा. मोठा धक्का बसून रोगी गळून गेला असतां किंवा अफूची विषबाधा झाली असतां उत्तेजक म्हणून ती देत. परिचारिकांच्या जुन्या पाठ्यपुस्तकांत तिचा निर्देश असतो. शुद्धीचा तेथें संबंध नव्हता. तिला शुद्धीची व कर्करोगाची जोड दिली ती डॉ. मॅक्स गर्सन यांनीं. हे १८८१ सालीं पोझेन प्रांतांत जन्मलेले जर्मन ज्यू वैद्य. त्वचेच्या क्षयावरील त्यांच्या आहारपद्धतीस म्युनिक येथें झाउअरब्रुख या विख्यात शस्त्रवैद्याचें साहाय्य मिळालें होतें. १९३३ सालीं त्यांस जर्मनी सोडावी लागली. व्हिएन्ना व पॅरिस येथें राहून ते १९३६ सालीं न्यूयॉर्कला आले. १९४६ च्या जुलैंत अमेरिकन सेनेटच्या उपसमितीपुढें त्यांची साक्ष झाली. १९५८ सालीं पन्नास रोग्यांचे वृत्तांत देणारा त्यांचा ग्रंथ निघाला व १९५९ सालीं त्यांचा अंत झाला. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेनें १९४७ सालीं त्यांच्या दहा व १९५९ सालीं पन्नास रोग्यांचीं टिपणें तपासलीं; उपयोग झाल्याचा पुरावा तींत मिळाला नाहीं. कॉफीच्या बस्तीचा आकरग्रंथ शोधावयाचा तर तो हा १९५८ चा होय. तो अद्याप शंभर वर्षांचाहि नाहीं.

महाराष्ट्रांत एनिमाचें भांडें घरोघर परिचित झालें तेंहि संहितांमुळें नव्हे. लाइपझिगचे लुई कुन्हे व त्यांच्या पंथांतील इतर जर्मन निसर्गोपचारकांचीं पुस्तकें, त्यांवर गांधीजींची श्रद्धा, पुण्यांतील डॉ. दिनशा मेहता यांचें निसर्गोपचार केंद्र व १९४६ सालीं उरुळीकांचन येथें सुरू झालेला आश्रम, या वाटेनें तें आलें. तो एनिमा साध्या पाण्याचा. कॉफीशीं त्याचा संबंध नाहीं. परंतु या परिचयामुळें नव्या प्रयोगाची भीति वाटेनाशी झाली, व जुन्या नांवामुळें त्यास प्रतिष्ठा मिळाली.

आतां मूळ आक्षेपाकडे वळूं : कर्म तरी एकच आहे काय? गर्सन यांच्या क्रमांत आरंभीं दर चार तासांनीं, रात्रींसुद्धां, बस्ति घ्यावयाचा. म्हणजे दिवसास सहा. दृढबलाचा सर्वांत मोठा क्रम ३० बस्तींचा, तो येथें पांच दिवसांत पुरा होतो.  तेथें मात्रा वयावर व बलावर, येथें सर्वांस सारखी. तेथें अतिकृश व दुर्बल यांस निषेध, येथें कर्करोगानें झिजलेलाच मुख्य अधिकारी. तेथें देणारा दुसरा व शिकलेला, येथें देणारा व घेणारा एकच. हें साम्य नव्हे, विरोध आहे.

हा विरोध केवळ कागदावरचा नाहीं. १९८० सालीं अमेरिकन वैद्यकसंघाच्या नियतकालिकांत कॉफीच्या बस्तीशीं निगडित अशा दोन मृत्यूंचा वृत्तांत छापला गेला. वारंवार बस्ति घेऊन रक्तांतील क्षारांचा तोल बिघडला होता. पुढें गरम काढ्यानें आंतडें भाजल्याचीं व सुजल्याचींहि उदाहरणें नोंदलीं गेलीं. कोलोराडो येथील एका चिकित्सागृहांत १९७८ ते १९८० या काळांत आंतडें धुण्याच्या यंत्रावाटे अमीबाचा संसर्ग होऊन निदान ३६ जण आजारी पडले. दहांचें बृहदंत्र कापून काढावें लागलें व त्यांतील सहा मरण पावले. तेथें कॉफी नव्हती, पण दोष उपकरणाचा होता. स्वादुपिंडाच्या कर्करोगावर कॉफीच्या बस्तीसह आहार व पाचकद्रव्यें देणाऱ्या एका पद्धतीची प्रचलित औषधोपचाराशीं तुलना २०१० सालीं प्रसिद्ध झाली. उपचार रोग्यांनीं स्वतः निवडले होते, हें तींतील न्यून मान्य केलें तरी औषधोपचार घेणारांचें मध्यम आयुर्मान १४ महिने व दुसऱ्यांचें ४.३ महिने, हें अंतर लहान नाहीं.

यावरून आमच्या आचार्यांस रक्तांतील पोटॅशियमचें ज्ञान होतें असा निष्कर्ष कोणी काढूं नये. तोहि तितकाच निराधार होईल. ग्रंथोक्त बस्ति आज कोणत्या रोगावर किती गुणकारी, हेंहि आजच्या परीक्षेनेंच ठरावयाचें. आचार्यांनीं हें कर्म धोक्याचें म्हणून ओळखलें होतें व त्याचे अपघात मोजून लिहून ठेविले होते, एवढेंच ग्रंथावरून सिद्ध होतें. परंतु तेवढें पुरेसें आहे. त्यांचें नांव घेऊन घरांत निष्काळजीपणा करणारास त्यांचाच आधार मिळत नाहीं.

संग्राहकांस एक विनंति आहे. जुन्या वैद्यघराण्यांच्या बाडांत बस्तीचे योग पुष्कळ असतात, आणि हीं बाडें पिढ्यान्‌पिढ्या चालू वह्या असल्यामुळें त्यांत मागाहून भर पडत जाते. बुंद किंवा कॉफी हा शब्द कोठें आढळल्यास तो मूळ हातचा कीं समासांतला, कागद हातचा कीं गिरणीचा, शाई तीच कीं वेगळी, योग पिण्याचा कीं बस्तीचा, हें नोंदविल्यावांचून त्याचा उल्लेख करूं नये. आणि कोणी बस्तीचा उतारा मागावयास आला तर त्यास योगाचें पान देतांना व्यापत्तीचें पानहि अवश्य नकलून द्यावें.