नाक जोडणारा कुंभार

शालेय पुस्तकांत प्लास्टिक सर्जरीचा इतिहास बहुधा दोन वाक्यांत संपतो. पहिले वाक्य सुश्रुताचे, दुसरे आधुनिक रुग्णालयाचे. मधली दोन हजार वर्षे गाळलेली असतात. मग एखादा चौकस विद्यार्थी विचारतो, "सर, मधल्या काळात ही विद्या कोणाकडे होती?" या प्रश्नाचे निदान एक उत्तर आपल्या महाराष्ट्रातच आहे, आणि तेही पुण्याजवळचे. पुढे या गोष्टीचा एक धागा अलिबाग तालुक्यातल्या मांडव्यापर्यंत येतो. या लेखात आपण तो धागा धरून जाणार आहोत.

बैल हाकणारा कावसजी

ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन' या मासिकात एक पत्र छापून आले. पत्राखाली पूर्ण नाव नव्हते, फक्त 'बी. एल.' ही आद्याक्षरे होती. सोबत एका माणसाचे चित्र होते. इंग्रजीत छापलेले त्याचे नाव कावसजी. जातीने शेतकरी, मराठा मुलखातला. १७९२ च्या लढाईत तो इंग्रजी फौजेबरोबर बैल हाकण्याचे काम करीत होता. तेव्हाच्या फौजेचे धान्य आणि दारूगोळा बैलांच्या पाठीवरून जात असे. या पत्रानुसार कावसजी टिपू सुलतानाच्या लोकांच्या हाती सापडला आणि त्याचे नाक व एक हात कापून त्याला सोडण्यात आले.

नाक कापणे म्हणजे काय, हे मराठी माणसाला समजावून सांगावे लागत नाही. आपल्या भाषेत अब्रू नाकाला चिकटलेली आहे. शरीराची हानी हाताने जास्त झाली असेल, पण लोकांत वावरणे अशक्य झाले ते नाकामुळे. वर्षभराहून अधिक काळ कावसजी तसाच राहिला. मग पुण्याजवळ एका माणसाने त्याला नवे नाक बसवून दिले. हा माणूस वैद्य नव्हता की हकीम नव्हता. पत्रात त्याला विटा पाडणाऱ्या जातीचा म्हटले आहे, आणि पुढच्या लेखकांनी त्याचा उल्लेख कुंभार असा केला आहे. अशी शस्त्रक्रिया हिंदुस्थानात नवलाची नाही, ती फार पूर्वीपासून चालत आली आहे, असेही पत्रलेखक सांगतो. मुंबई इलाख्यातले दोन इंग्रज डॉक्टर, टॉमस क्रूसो आणि जेम्स फिंडले, यांनी ती डोळ्यांनी पाहिली होती. कावसजीचे चित्र जेम्स वेल्स या चित्रकाराने काढले होते.

शस्त्रक्रिया कशी केली?

पत्रातला तपशील इतका नेटका आहे की आजही त्यावरून कृती समजते. प्रथम मेणाची पातळ चकती घेऊन उरलेल्या नाकावर शोभेल अशा नाकाचा आकार करायचा. मग ती चकती सपाट करून कपाळावर ठेवायची आणि तिच्याभोवती रेघ ओढायची. रेघेच्या आतली कातडी सोडवून घ्यायची, पण दोन भुवयांच्या मध्ये एक अरुंद पट्टी कापायची नाही. सोडवलेली कातडी त्या पट्टीने कपाळाला जोडलेलीच राहते.

नंतर जुन्या नाकाची भरून आलेली कड तासून ओली करायची. तिच्या मागे, नाकपुड्यांच्या बाजूने वरच्या ओठापर्यंत एक चीर द्यायची. कपाळाची कातडी खाली आणून, अर्धा वळसा देऊन, तिची कड या चिरेत बसवायची. टाके नाहीत. सांधा धरून ठेवायला कात! आपण विड्यात घालतो तोच. पाण्यात मऊ केलेला कात कापडाच्या पट्ट्यांवर पसरून अशा पाचसहा पट्ट्या एकावर एक लावायच्या. चार दिवसांनी त्या काढून तुपात भिजवलेली फडकी ठेवायची. पाचसहा दिवस रोग्याने उताणे निजायचे. दहाव्या दिवशी नाकपुड्या मोकळ्या राहाव्यात म्हणून त्यांत मऊ कापडाचे बोळे घालायचे. भुवयांमधली पट्टी कापायची ती सुमारे पंचविसाव्या दिवशी.

या सगळ्यात गुंगीचे औषध नाही. ईथरचा उपयोग जगाला कळायला अजून पन्नास वर्षे होती. जंतूंचे ज्ञानही नव्हते. तरीही ही शस्त्रक्रिया बहुतेक वेळा यशस्वी होते, असे पत्र सांगते. त्याचे एक कारण चेहऱ्याच्या रचनेत आहे. चेहऱ्याच्या कातडीला रक्ताचा पुरवठा भरपूर असतो. त्यामुळे तिथल्या जखमा लवकर भरतात आणि सहसा चिघळत नाहीत.

भेटकलम आणि कोयकलम

पंचवीस दिवस ती पट्टी का ठेवायची? कातडीचा तुकडा सरळ कापून का चिकटवायचा नाही? याचे उत्तर कोकणातल्या विद्यार्थ्याला आंब्याच्या बागेत मिळेल.

आंब्याचे भेटकलम करताना कुंडीतले रोप हापूसच्या झाडाजवळ नेतात. रोपाचे खोड आणि झाडाची फांदी दोन्ही थोडी तासून एकमेकांना बांधतात. फांदी अजून आपल्या झाडावरच असते, अन्नपाणी तिला तिथूनच मिळते. दोनतीन महिन्यांत सांधा एकजीव झाला की मगच ती मूळ झाडापासून तोडतात. कावसजीच्या कपाळाची कातडी हे माणसातले भेटकलम होते. भुवयांमधल्या पट्टीतून, म्हणजे देठातून, तिला कपाळाचे रक्त मिळत राहिले. तेवढ्या अवधीत नाकाच्या ओल्या कडांतून नव्या सूक्ष्म रक्तवाहिन्या तिच्यात शिरल्या. पंचविसाव्या दिवशी देठाची गरज उरली नाही. आजचे शल्यविशारदही कपाळाच्या कातडीने नाक करताना देठ सुमारे तीन आठवडे ठेवतात. अशा देठासह हलवलेल्या ऊतीला ते 'फ्लॅप' म्हणतात.

कोयकलमाची तऱ्हा वेगळी. त्यात काडी झाडापासून पूर्ण तोडलेली असते आणि कोयीतून नुकत्याच उगवलेल्या कोवळ्या रोपावर ती बसवतात. सांधा जुळेपर्यंत ती सुकू नये म्हणून हे काम पावसाळ्याच्या दमट हवेत करतात. माणसातले कोयकलम म्हणजे त्वचारोपण, डॉक्टरांच्या भाषेत 'ग्राफ्ट'. मांडीवरून कातडीचा पातळ पापुद्रा काढून भाजलेल्या जागी पसरला, तर पहिले एक-दोन दिवस तो जखमेतून झिरपणाऱ्या द्रवावरच जगतो. मग जखमेतल्या केशवाहिन्यांची तोंडे त्याच्यातल्या वाहिन्यांशी जुळू लागतात. चारपाच दिवसांत त्यात रक्त खेळते. म्हणूनच त्वचारोपणावरचे बँडेज पहिल्या काही दिवसांत हलू देत नाहीत. खाली रक्त किंवा पू साठला, तर पापुद्रा जखमेपासून सुटतो आणि मरतो.

यावरून एक नियम निघतो. त्वचारोपणाला खाली रक्त असलेली जमीन लागते. उघड्या हाडावर किंवा पोकळीवर ते रुजत नाही. कावसजीच्या चेहऱ्यावर नाकाच्या जागी पोकळी होती, तेव्हा तिथे देठाची कातडीच हवी होती. कुंभाराने नेमकी तीच वापरली. सुट्या कातडीचे रोपण पुढे १८६९ मध्ये पॅरिसला रेव्हरदँ यांनी यशस्वी करून दाखवले आणि नंतर ते जगभर पसरले.

कलमाची उपमा एका ठिकाणी मात्र थांबवावी लागते. रायवळ आंब्याच्या रोपावर हापूस जगतो, पण एका माणसाची कातडी दुसऱ्याच्या अंगावर कायमची टिकत नाही. शरीर तिला परकी म्हणून झिडकारते. फक्त एकसारख्या जुळ्यांत ती टिकते. म्हणून दुसऱ्याने दान केलेली त्वचा भाजलेल्या रुग्णाला तात्पुरते पांघरूण म्हणून वापरतात.

पोथी आणि हात

सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात नाक जोडण्याची कृती आहे. तिथे मेणाऐवजी झाडाच्या पानाने माप घ्यायला सांगितले आहे आणि कातडी कपाळाची नसून गालाची आहे. पण मापाचा नमुना, जोडलेली ठेवलेली कातडी, तासून ओली केलेली कड आणि नाकपुड्या उघड्या ठेवण्याची काळजी या चारही गोष्टी दोन्हीकडे आहेत. संहितेत नाकपुड्यांसाठी नळ्या सांगितल्या आहेत, पुण्याजवळ कापडाचे बोळे वापरले गेले.

म्हणजे पोथीतली कृती जशीच्या तशी चालत आली असे म्हणता येत नाही. मधल्या काळात कोणीतरी गालाऐवजी कपाळ निवडले. ही निवड फार शहाणपणाची होती. कपाळाची कातडी नाकाच्या कातडीशी रंगाने आणि पोताने बरीच जुळते आणि तिचा देठ भुवयांमधल्या धमन्यांवर बेततो. ही सुधारणा ज्यांनी केली त्यांचा ग्रंथ नाही. प्रेताला शिवणे आणि रक्तामांसाला हात लावणे कमीपणाचे ठरले, तशी शस्त्रक्रिया वैद्यांच्या हातून सुटत गेली आणि हाताने काम करणाऱ्यांकडे टिकून राहिली. मातीला आकार देणाऱ्या हातांनी मेणाचे नाक घडवणे यात आश्चर्य ते काय!

पत्राचा प्रवास

युरोपातही नाक जोडण्याची एक रीत होती. इटलीतल्या बोलोन्याच्या ताल्याकोत्सी यांनी १५९७ मध्ये तिच्यावर ग्रंथ लिहिला. ते दंडाची कातडी घेत. त्यासाठी रोग्याला काही आठवडे हात चेहऱ्याशी बांधून राहावे लागे. त्यांच्यानंतर ती रीत जवळजवळ विसरली गेली.

१७९४ चे पत्र लंडनच्या जोसेफ कार्प्यू यांच्या वाचनात आले. त्यांनी प्रेतांवर पुष्कळ सराव केला आणि योग्य रुग्ण मिळण्याची वीस वर्षे वाट पाहिली. २३ ऑक्टोबर १८१४ रोजी त्यांनी एका लष्करी अधिकाऱ्याला कपाळाच्या कातडीचे नाक करून दिले. दोन शस्त्रक्रियांचा वृत्तान्त त्यांनी १८१६ मध्ये छापला. जर्मनीत ग्रेफे यांनी १८१८ मध्ये या विषयावर पुस्तक लिहिले. युरोपात आधुनिक प्लास्टिक सर्जरीची सुरुवात इथून मानतात. कपाळाच्या फ्लॅपला आजही 'भारतीय पद्धत' म्हणतात.

कोंढव्याहून मांडव्याला

विसाव्या शतकात ही विद्या पुन्हा पुण्याजवळ आली. डॉ. नोशीर अंटिया यांनी इंग्लंडमध्ये सर हॅरोल्ड गिलीज यांच्याकडे प्लास्टिक सर्जरीचे शिक्षण घेतले. पहिल्या महायुद्धात चेहरे छिन्नविच्छिन्न झालेल्या सैनिकांवर उपचार करणारे ते हेच गिलीज. परतल्यावर अंटियांनी पुण्याजवळच्या कोंढव्याच्या कुष्ठरोग रुग्णालयात काम सुरू केले. पुढे मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात त्यांनी प्लास्टिक सर्जरीचा विभाग उभा केला.

कुष्ठरोगातले बसके नाक हा कावसजीच्या नेमका उलटा प्रश्न होता. कावसजीची बाहेरची कातडी गेली होती. कुष्ठरोगात बाहेरची कातडी शाबूत असते, पण आतले अस्तर आणि कूर्चा नष्ट होते आणि नाक आत ओढले जाते. इथे कपाळ कापायची गरज नाही. वरच्या ओठाच्या आतून वाट करून नाक मोकळे करतात, एका साच्याला पातळ कातडी गुंडाळून तो आत बसवतात आणि नवे अस्तर रुजवतात. एका नाकाला देठाची कातडी लागते, दुसऱ्याला सुटी. रोग नीट समजल्याशिवाय उपाय निवडता येत नाही तो असा.

औषधाने कुष्ठरोगाचे जंतू मरत, पण बसके नाक आणि झडलेल्या भुवया रोग्याची ओळख सांगत राहत. घर आणि रोजगार त्यामुळे बंद होत. बऱ्या झालेल्या माणसाला माणसांत परत नेणे, हे या शस्त्रक्रियेचे काम होते. कावसजीलाही तेच हवे होते.

पण झडलेली बोटे आणि बसलेली नाके किती दुरुस्त करणार? कातडीवरचा बधिर चट्टा वेळेवर ओळखला, तर शस्त्रक्रियेची वेळच येत नाही, आणि चट्टा ओळखायला प्लास्टिक सर्जन लागत नाही. १९७० च्या दशकात अंटियांनी मुंबईच्या समोरच्या किनाऱ्यावर, मांडव्याच्या परिसरात, आरोग्याचा एक प्रकल्प चालवला. गेटवेहून लाँचने आपण ज्या धक्क्यावर उतरतो तेच हे मांडवा. तिथे गावातल्याच, फारसे न शिकलेल्या बायांना आरोग्यसेविका म्हणून तयार केले. साधे आजार, गरोदरपण आणि बाळंतपण, कुटुंबनियोजन, क्षय व कुष्ठरोगाचे रुग्ण हुडकणे ही कामे त्या करू लागल्या आणि त्यांनी ती उत्तम केली. स्थानिक हितसंबंधांना हे रुचले नाही आणि विरोधामुळे प्रकल्प बंद करावा लागला. पुढे अंटियांच्या संस्थेने पुरंदर तालुक्यातल्या परिंचे भागात असेच काम केले. अंटिया २००७ मध्ये निवर्तले. त्याच्या दोनच वर्षे आधी, २००५ पासून, गावातल्याच बाईला आरोग्याचे काम शिकवण्याची कल्पना 'आशा' योजनेच्या रूपाने देशभर स्वीकारली गेली होती.

कुशल ज्ञान पदवीधरांच्याच हाती राहू शकते ही समजूत पुण्याच्या कुंभाराने खोटी ठरवली होती. मांडव्याच्या बायांनी ती दुसऱ्यांदा खोटी ठरवली, असे आम्हाला वाटते.

वर्गात करून पाहण्यासारखे

एका बाजूने रंगवलेला कागद घ्या. रंगीत बाजू वर ठेवून त्यातून उलट्या पानाच्या आकाराचा तुकडा कापा, खालचा देठ कापू नका. आता हा तुकडा देठाशी दुमडून खाली आणा. रंगीत बाजू आत जाते, म्हणजे बाहेरची त्वचा नाकाच्या आत गेली. पुन्हा सरळ करून, न दुमडता, देठाला बाजूने अर्धा वळसा देऊन खाली आणा. रंगीत बाजू बाहेरच राहते. पत्रातला 'अर्धा वळसा' कशासाठी होता हे मुलांना बोलून सांगावे लागणार नाही. देठ फार रुंद ठेवला तर वळसा बसत नाही, फार अरुंद ठेवला तर प्रत्यक्षात रक्त पुरणार नाही, हेही त्यावरून लक्षात येईल.

दुसरा उपक्रम शाळेबाहेरचा. भेटकलम बांधणारे जाणते लोक आपल्या भागात अजून आहेत. मुलांनी त्यांना विचारावे, फांदी लवकर तोडली तर काय होते, सांधा धरला हे कशावरून ओळखता? मिळालेली माहिती लिहून काढावी. १७९४ च्या त्या पत्रात कावसजीचे नाव आहे, पाहणाऱ्या दोन्ही डॉक्टरांची आहेत. नाक जोडणाऱ्याचे नाव मात्र छापलेले नाही. आपल्या वहीत ज्याने माहिती दिली त्याचे नाव, गाव आणि तारीख मुलांनी अवश्य लिहावी.