शेण, कुंकू, केस : शीला गौडा यांची कला

मराठी प्रवाशाला यशवंतपूर ठाऊक असते ते बंगळूरचे एक रेल्वे-स्थानक म्हणून. स्थानकापलीकडे मोठा बाजार आहे आणि मालमोटारींची अखंड वर्दळ. दृष्ट लागू नये, अपघात टळावा म्हणून वाहनाच्या बंपरला माणसाच्या केसांचा वळलेला दोर बांधण्याची रीत या शहरात आहे. अशा नित्याच्या वस्तूंत चित्रकाराचे द्रव्य शोधण्यापर्यंत शीला गौडा पोहोचल्या, त्या मात्र बऱ्याच वळणाच्या वाटेने.

त्यांचा जन्म १९५७ साली भद्रावती येथे झाला. वडील एच. एल. नागेगौडा हे सरकारी अधिकारी, कन्नड लोकगीतांचे आणि लोकवस्तूंचे साक्षेपी संग्राहक. रामनगरजवळचे ‘जानपद लोक’ त्यांनीच उभारले. मुलीचे शिक्षण झाले ते चित्रकलेचे : बंगळूरच्या केन कलाशाळेत आर. एम. हडपद यांच्या हाताखाली, मग बडोदा, शांतिनिकेतन आणि अखेर लंडनचे रॉयल कॉलेज ऑफ आर्ट (१९८६). आरंभीच्या तैलचित्रांत निसर्गात हरवलेल्या, विचारमग्न मुली दिसतात. त्यांवर के. जी. सुब्रमण्यन यांची छाया आहे.

१९९२च्या डिसेंबरात बाबरी मशीद पाडली गेली, मुंबईत दंगली पेटल्या. या हिंसेपुढे तैलरंगांची भाषा अपुरी वाटू लागली, तेव्हा गौडा यांनी शेण हाती घेतले. गाईच्या नावाने राजकारण तापलेले असताना हे द्रव्य निवडणे धाडसाचे होते. शेण पवित्र खरे. पण सडा-सारवण करणारी, गोवऱ्या थापणारी बाई त्याला पावित्र्यापेक्षा कामामुळे अधिक ओळखते. गौडा यांच्या शेणाच्या विटांत आणि थापलेल्या गोळ्यांत गोमातेचा जयघोष नाही, थापणाऱ्या हाताची खूण आहे. आधी स्त्री चित्राचा विषय होती. आता तिचे श्रम हेच चित्र झाले. स्त्रीवादाच्या घोषणेहून हे स्थित्यंतर मोलाचे मानावे लागेल.

१९९८ सालच्या ‘अँड टेल हिम ऑफ माय पेन’ या रचनेत ते परिपक्व झालेले दिसते. शंभर मीटरहून लांब धागे एकेक करून सुईच्या नेढ्यातून ओढून घेतलेले. मग कुंकू आणि डिंक यांच्या लेपाने एकत्र बांधून त्यांचा लाल दोर केलेला. दोर भिंतीवरून, जमिनीवरून आतड्यांसारखा वळसे घेत जातो आणि टोकाशी सुयांचा झुपका लोंबतो. आपल्याकडे हळदीकुंकवात ज्या स्त्रीला बोलावणे येत नाही तिची आठवण मराठी वाचकाला इथे झाल्यावाचून राहणार नाही. कुंकू कोणाला मिळते, कोणाचे पुसले जाते, हे तो लाल रंग पाहताना विसरता येत नाही. आणि सुई जोडते तशी टोचतेही.

केसांचा दोर आला तो ‘बिहोल्ड’मध्ये. २००९च्या व्हेनिस बिएनालेत तो सुमारे चार हजार मीटर लांबीचा होता, आणि त्याच्या आधाराने वीसेक पोलादी बंपर अधांतरी टांगलेले होते. पुढे लंडनच्या टेट संग्रहालयाने ही रचना आपल्या संग्रहात घेतली. केस मंदिरांत नवसाने वाहिलेले. लांब असतील ते टोपांच्या व्यापारात जातात. आखूड उरतात त्यांचे दोर वळले जातात. वाहणाऱ्याची जात, वय, नवस फेडण्याचे कारण, सारे एका पिळात मिसळते. कोणाचा केस कोणाच्या केसाशी वळला गेला, हे दोर वळणाऱ्यालाही सांगता येणार नाही.