रमणा, दोन रुपये आणि बिडाचा तवा

पीएचडीची क्वालिफायर म्हणजे काय, हे मांजरीतल्या घरी मी तीनदा समजावून सांगितलं. लेखी नाही, तोंडी. समोर परीक्षक, हातात खडू, मागे फळा. नापास झालं तर संशोधन तिथंच थांबू शकतं. आदल्या आठवड्यात अभ्यास सोडून मी पेशव्यांच्या दक्षिणेबद्दल वाचत बसले होते. भीती वाटली की माणूस असलंच काहीतरी करतो.

पुण्याला तोंडी परीक्षा नवी नाही. तळेगावच्या दाभाड्यांनी सुरू केलेली श्रावणातली दक्षिणा पुढे पेशव्यांनी पुण्यात चालवली. लांबलांबून ब्राह्मण यायचे. विद्वानांना शास्त्री प्रश्न विचारत आणि तयारी पाहून रक्कम ठरे. बाकीच्यांना पर्वतीखालच्या रमण्यात थोडेफार रुपये. वाटपाची देखरेख रामशास्त्री प्रभुण्यांकडे असताना त्यांचा भाऊच समोर आला, अशी गोष्ट सांगतात. नाना फडणवीस म्हणाले, वीस रुपये द्या. रामशास्त्री म्हणाले, तो विद्वान नाही, इतरांसारखे दोनच द्या. भाऊ म्हणून जे द्यायचं ते मी माझ्याकडचं देईन.

परीक्षक असावा तर असा! पण रमण्याचं दार जन्म पाहून उघडायचं. मांजरीत ऊस लावणाऱ्या माझ्या खापरपणजोबांना रामशास्त्र्यांनी एक प्रश्नही विचारला नसता, आणि खापरपणजीचा तर प्रश्नच नव्हता.

पेशवाई गेल्यावर इंग्रजांनी दक्षिणा चालू ठेवली, पण आटवली. तिच्यातल्याच पैशावर १८२१ मध्ये विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा निघाली. १८४९ मध्ये काही सुधारकांनी अर्ज केला की हा पैसा मराठी ग्रंथांनाही मिळावा. सनातनी खवळले, तेव्हा जोतीराव फुले अर्जदारांच्या पाठीशी उभे राहिले.

माझा विषय बॅटरीतल्या कॅथोडचा. पहिला प्रश्न आला, "बिडाचा तवा पडला की फुटतो, पोलादाचा फार तर वाकतो. का?"

दोन महिने लिथियम पाठ केलं होतं! मिनिटभर काही सुचेना. मग आजीचा फुटलेला तवा आठवला, त्याची ती करडी, भुरभुरीत कड. बिडात कार्बन दोन टक्क्यांच्या वर असतो. ओतीव लोखंड थंड होताना तो ग्राफाइटच्या पातळ पापुद्र्यांत वेगळा पडतो. प्रत्येक पापुद्रा म्हणजे आत आधीच पडलेली भेग. मी फळ्यावर पापुद्रे काढले.

"थोडं मॅग्नेशियम घातलं तर हेच बीड वाकतं."

मी थांबले. वाकत असेल तर टोकदार भेगा उरल्या नसणार. पापुद्रे पुसून गोळे काढले.

"मॅग्नेशियमनं गोळेच का होतात?"

"माहीत नाही."

"मग कसं शोधाल?"

यावर मी वीस मिनिटं बोलले. चुकलेही असेन, पण कुणी अडवलं नाही.

बाहेर व्हरांड्यात उभी होते, आत चर्चा चालू होती. आईचा फोन आला. किती मार्क पडले, म्हणाली. मार्क नसतात गं, म्हटलं. मग काय विचारलं एवढा वेळ?

"तव्याचं," मी म्हणाले, तेवढ्यात दार उघडलं.