आईचा करंडा आणि लाखेची झिलई

माझ्या देवघराच्या कोनाड्यात माझ्या आईचा लाकडी करंडा आहे. उंचीने चार बोटे, रंगाने तांबडा, आणि झाकणावर पिवळ्या-हिरव्या रेघांची तीन वलये. त्याच्या एका बाजूस अंगठ्याएवढी जागा झिजून उघडे लाकूड दिसू लागले आहे. रोज सकाळी झाकण काढताना आईचा अंगठा तेथे टेकत असे. 2020 सालच्या साथीत घरातील प्रत्येक वस्तू सॅनिटायझरने पुसून काढण्याचा जो सपाटा मी लावला होता, त्यात हा करंडाही सापडला. एकच हात फिरवला, तोच हातातील पांढरा बोळा लाल झाला. मी थांबलो खरा. पण मागची बाजू निस्तेज झाली ती झालीच. हा रंग आहे तरी कशाचा, याचा शोध घेणे त्या दिवसापासून मला भाग पडले.

तो नुसता रंग नव्हे. ती लाख होय. पळस, बोर, कुसुंब अशा झाडांच्या कोवळ्या डहाळ्यांवर एक सूक्ष्म किडा वस्ती करतो, झाडाचा रस शोषतो आणि स्वतःभोवती राळेसारखे कवच रचतो. ते कवच खरवडून, धुऊन, वितळवून लाख तयार करितात. आम्हा खानदेशकरांस पळस आणि बोर या दोन्ही झाडांचे अप्रूप नाही. परंतु ज्या किड्याने आईच्या करंड्यास तकाकी दिली त्याचा विचार गिरणाकाठी जन्म घालवूनही माझ्या मनात कधी आला नव्हता!

या द्रव्याचा इतिहास फार जुना. अथर्ववेदात लाक्षेचा उल्लेख औषधी म्हणून येतो, आणि महाभारतातील लाक्षागृह तर शाळकरी पोरासही ठाऊक असते. लाखेपासून निघणाऱ्या तांबड्या रंगास पूर्वी मोठी मागणी होती. 1856 साली पर्किन या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाने कृत्रिम रंग शोधून काढला आणि पुढे तशा रंगांनी लाखेच्या रंगाचा व्यापार बसविला. राळेचा व्यापार मात्र वाढला. ज्या तबकड्यांवरून आपल्या वडीलधाऱ्यांनी बालगंधर्वांची पदे ऐकली, त्या काळ्या तबकड्यांतही लाखच असे. या धंद्याच्या अभ्यासासाठी रांचीजवळ नामकुम येथे 1924 साली स्वतंत्र संशोधनसंस्था स्थापन झाली, यावरून त्याचे महत्त्व ध्यानी यावे.

पण माझ्या कामाची माहिती मिळाली ती एका डच प्रवाशाच्या लिखाणात. लिन्सखोटेन हा गृहस्थ 1583 ते 1588 या काळात गोव्यात होता. त्याचा ग्रंथ 1596 साली प्रसिद्ध झाला. कातारी लाकूड फिरवीत असता त्यावर रंगीत लाखेची कांडी टेकवितो, घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळून लाकडास चिकटते, मग वाळल्या पात्यांनी घासून तिला काचेसारखी चमक आणितात, असे त्याने लिहून ठेविले आहे. सावंतवाडीची लाखकामाची खेळणी ज्यांनी पाहिली आहेत त्यांस ही चमक परिचयाची असेल. तेथील राजघराण्याने 1970 नंतरच्या दशकात राजवाड्यातच या कलेला आश्रय दिला, म्हणून ती तगली.

या कृतीतच रक्षणाची सारी युक्ती दडलेली आहे. येथे सरस नाही की खिळा नाही. केवळ उष्णतेने लाख लाकडास धरून राहिली आहे. अर्थात उष्णतेनेच ती सुटावयाची. आमच्याकडे वैशाखात पारा 45 अंशांच्या आसपास जातो. पत्र्याखालच्या ट्रंकेत तर त्याहून अधिक. अशा जागी लाख मऊ पडते आणि शेजारच्या वस्तूस चिकटून बसते. पाणी मुरले तर ती पांढुरकी होते. आणि मद्यार्कात ती चक्क विरघळते. सॅनिटायझरमध्ये मद्यार्क सुमारे 70 टक्के असतो, तेव्हा माझा पराक्रम काय होता हे निराळे सांगावयास नको. अत्तर व कोलनवॉटरही त्याच जातीचे शत्रू. धूळ झाडावी ती कोरड्या मऊ फडक्याने. मेण मात्र लाखेस बाधत नाही. वस्तुसंग्रहालयांतही लाकडी वस्तूंवर मेणाचा पातळ हात देण्याची रीत आहे. माझी आई आधी कपाळास मेण लावी, मग कुंकू. तेच मेणाचे बोट रोज करंड्यास लागे. तिने काही जाणून केले नसेल, पण इतकी वर्षे तो करंडा टिकला, त्यात त्या बोटाचा वाटा असावा असे मला वाटते.

बिघडलेली बाजू पाहून एका कातारी गृहस्थाने तो दहा मिनिटांत नवा करून देण्याची तयारी दाखविली. जुनी लाख खरवडून नवी चढवावयाची, एवढेच काम. मला मोह पडला. माझी धाकटी बहीण तेथे होती. ती म्हणाली, "भाऊ, मागची बाजू नवी होईल रे, पण आईचा अंगठाही त्यातच जाईल." करंडा मी परत घेतला. मागची बाजू आता भिंतीकडे केली आहे.

आखाजीला बहीण माहेरी येते. ऐन उन्हाळा म्हणून मी करंडा कोनाड्यातून काढून खालच्या थंड खोलीत ठेवितो, आणि तो हाताळू नये असे घरात सर्वांस बजावलेले असते. ती मात्र आल्याबरोबर तो शोधून काढते. झाकण काढताना तिचा अंगठा नेमका त्याच जागी पडतो. त्याने लाख आणखी झिजणार, हे मला ठाऊक आहे. तिला मी अद्याप काही बोललो नाही.