पेशन्स लोडर आणि तिच्या सहप्रवासिनी : एक प्रस्तावना

एकोणिसाव्या शतकात युरोप सोडून अमेरिकेला गेलेल्या बहुतेक गरीब स्त्रियांचे नाव जहाजावरच्या उतारूंच्या यादीपलीकडे कुठे सापडत नाही. मॉर्मन पंथाच्या स्त्रिया याला ठळक अपवाद आहेत. 6 एप्रिल 1830 रोजी, पंथ स्थापन झाला त्याच दिवशी, संस्थापक जोसेफ स्मिथ याने आपल्यात नोंदी ठेवल्या जातील असे सांगितले आणि अनुयायांनी ते शब्दशः मानले. जहाजावर, तंबूत, विस्तवाच्या उजेडात माणसे लिहीत राहिली. पुढे युटातल्या आद्य वसाहतकारांच्या लेकी-नातींनी 1901 मध्ये स्वतःची संघटना काढून घरोघरची बाडे गोळा केली. त्यामुळे इंग्लंडमधल्या एका माळ्याची मुलगी, लंडनची एक विधवा, वेल्समधून आलेली एक लहान पोर, यांची आयुष्ये आज आपल्याला जवळून वाचता येतात. जगाच्या इतिहासात इतक्या साध्या घरांतल्या स्त्रियांचे इतके लेखन एकत्र मिळण्याचे योग फार थोडे. या विषयाकडे मराठी वाचकांचे लक्ष वेधावेसे वाटते ते मुख्यतः यासाठी.

थोडी पार्श्वभूमी आधी हवी. स्मिथचा खून 1844 मध्ये इलिनॉय राज्यातल्या कार्थेजच्या तुरुंगात जमावाने केला. मिसिसिपीच्या काठी वसवलेले नावू हे गाव त्याच्या अनुयायांना 1846 पासून सोडावे लागले आणि ब्रिगम यंगच्या नेतृत्वाखाली 24 जुलै 1847 रोजी त्यांची पहिली मोठी तुकडी सॉल्ट लेकच्या खोऱ्यात पोचली. हे बहुतेकांना ठाऊक असते. कमी ठाऊक असते ते असे की, 1837 मध्येच पंथाचे प्रचारक लँकेशरमधल्या प्रेस्टन या गिरणगावात उतरले होते आणि 1850 च्या सुमारास युटापेक्षा ब्रिटनमध्ये मॉर्मनांची संख्या जास्त होती. विणकर, खाणकामगार, मोलकरणी, शिवणकाम करणाऱ्या बाया असे हे लोक. देवाच्या राज्यासाठी एका ठिकाणी गोळा होणे हा त्यांच्या श्रद्धेचाच भाग होता, आणि त्यांच्याकडे जहाजाच्या भाड्यालाही पैसे नव्हते.

त्यावर उपाय म्हणून 1849 मध्ये एक कायमचा स्थलांतर निधी उभारला गेला. आधी पोचलेल्यांनी कर्ज फेडायचे आणि त्यातून पुढच्यांना आणायचे, अशी ती योजना. निधी आटू लागला तेव्हा बैल आणि वॅगन यांचा खर्च टाळण्यासाठी ब्रिगम यंगने हातगाड्यांचा मार्ग काढला. 1856 ते 1860 या काळात दहा तांडे, सुमारे तीन हजार माणसे, हातगाड्या ओढत गेली. आयोवा सिटीपासून सॉल्ट लेकपर्यंतचे अंतर सुमारे 1300 मैल, म्हणजे जवळजवळ 2100 किलोमीटर. साधारण पाच जणांमागे एक गाडी आणि माणशी सामान 17 पौंड, म्हणजे पावणेआठ किलो. वाचकांनी हा आकडा नुसता वाचून पुढे जाऊ नये. अंथरूण, पांघरूण, कपडे, भांडी हे सगळे या पावणेआठ किलोंत बसवायचे आहे, असे समजून एकदा आपल्या घरात नजर फिरवावी.

दहांपैकी आठ तांडे ठीक पोचले. 1856 च्या मोसमातले शेवटचे दोन, विली आणि मार्टिन यांचे, उशिरा निघाले आणि हिमवर्षावात सापडले. दोन्ही मिळून दोनशेहून अधिक माणसे दगावली. पेशन्स लोडर मार्टिनच्या तांड्यात होती.

तिचा जन्म 1827 सालचा, ऑक्सफर्डशरमधल्या अ‍ॅस्टन रोवंट या गावातला. वडील जेम्स लोडर बागेचे काम पाहत, आई अ‍ॅमी, आणि भावंडे भरपूर. पेशन्सने ऐन तारुण्यात घर सोडले, लंडनमध्ये कामे केली, तिथेच नवा पंथ स्वीकारला. 1855 च्या डिसेंबरात ती लिव्हरपूलहून ‘जॉन जे. बॉइड’ या जहाजाने निघाली. मग आईवडील आणि धाकटी भावंडे न्यूयॉर्कला आली. तिथे थोडी कमाई करून वॅगनने युटाला जावे असा त्यांचा बेत होता, आणि तेवढ्यात हातगाडीची बातमी आली.

इथे असे एक पत्र आपल्या हाती येते की, मला विचाराल तर या विषयाचे दार तेच आहे. पेशन्सची बहीण झिल्पा हिचा नवरा जॉन जॅक्स लिव्हरपूलला पंथाच्या ‘मिलेनियल स्टार’ या नियतकालिकाचे काम पाहत असे. त्याला पेशन्सने न्यूयॉर्कहून लिहिले की, ही हातगाडीची कल्पना घरात कुणालाच पटलेली नाही, आईची प्रकृती तर चालण्याजोगीच नाही. जॅक्सचे उत्तर कडक होते. सासऱ्याच्या घरातली श्रद्धा डळमळली आहे, असा त्याचा सूर. आणि 1856 च्या जूनमध्ये हा खासगी पत्रव्यवहार चक्क ‘मिलेनियल स्टार’मध्ये छापला गेला! आपल्यावरचा हा ठपका वाचून जेम्स लोडर फार दुखावला. वाटेत मेलो तरी बेहत्तर, पण गाडी ओढत जाईन, असे तो म्हणाल्याचे पेशन्सने पुढे आठवणींत नोंदवले आहे.

वाचकांनी या पत्राजवळ जरा थांबावे, अशी माझी विनंती आहे. या स्त्रियांविषयी लिहिताना दोन सोप्या वाटा नेहमी समोर असतात. एकीत त्या निःशंक, हसतमुख श्रद्धाळू ठरतात, दुसरीत पुढाऱ्यांनी फसवलेल्या भोळ्या बाया. पेशन्स दोन्हींत बसत नाही. तिने विचार केला, नकार दिला, कारणे लिहून दिली, आणि मग वडिलांबरोबर गेली. तिचा नकार आणि तिची निष्ठा एकाच माणसाच्या आहेत. हे ध्यानात ठेवून पुढचे वाचले तर प्रत्येक प्रसंगाला वेगळे वजन येते.

28 जुलैच्या सुमारास तांडा आयोवा सिटीहून निघाला. गाड्या ओल्या लाकडाच्या, घाईत जुळवलेल्या. कोरड्या हवेत लाकूड आकसे, चाके खिळखिळी होत. याच तांड्यात असलेली झिल्पा वाटेतच बाळंत झाली. 27 सप्टेंबरला नेब्रास्कातल्या अ‍ॅश हॉलोजवळ जेम्स लोडरचा मृत्यू झाला. पेटी नव्हती, रजईत गुंडाळून त्याला पुरले. पेशन्सने हे दफन फार सावकाश सांगितले आहे, आणि ती पाने तशीच सावकाश वाचावीत. ऑक्टोबरच्या मध्यावर गाड्या हलक्या करण्यासाठी सामान माणशी दहा पौंडांवर आणले गेले. जास्तीची पांघरुणे आणि कपडे जाळले. दोनच दिवसांनी, 19 ऑक्टोबरला, नॉर्थ प्लॅट नदी शेवटची ओलांडताना बर्फ सुरू झाले.

त्यानंतरच्या एका सकाळची हकिगत मला या साऱ्या वाङ्मयात अनमोल वाटते. थंडीने गारठलेल्या मुली अंथरुणातून उठेनात. पेशन्सही उठेना. तेव्हा अ‍ॅमी लोडर, जिला चालवणार नाही म्हणून ते पत्र लिहिले गेले होते ती अ‍ॅमी, बर्फात उभी राहून मुलींसमोर नाचू लागली. नाचता नाचता पडली. आईला लागले की काय म्हणून मुली ताडकन उठल्या, आणि आई म्हणाली, तुम्हाला उठवायचे तर असेच काही करावे लागणार हे मला माहीत होते. दुःखाच्या वर्णनाने भारावून जाणे सोपे असते. पण नवऱ्याच्या मृत्यूला महिना उलटतो न उलटतो, पिठाचा शिधा घटत घटत चार औंसांवर येऊ लागलेला, आणि तेव्हाही मुलींना हसवून उठवण्याची युक्ती एका बाईला सुचते, हे केवळ अशा आठवणींतूनच कळते. सॉल्ट लेकहून मदतीच्या गाड्या ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यातच निघाल्या होत्या, त्यांची गाठ महिनाअखेरीस पडली, आणि 30 नोव्हेंबर 1856 रोजी उरलेली माणसे शहरात पोचली. अ‍ॅमी पोचली. झिल्पाची थोरली मुलगी फ्लोरा मात्र शहर आठवड्यावर आले असताना वाटेतच गेली.

आता वाचण्याच्या पद्धतीविषयी थोडे. पेशन्सने हे उतारवयात लिहिले. विरामचिन्हे जवळजवळ नाहीत, वाक्य बोलण्यासारखे वाहते. सँड्रा एली पेट्री यांनी संपादित केलेली तिची आठवणींची प्रत 2006 मध्ये युटा स्टेट विद्यापीठाच्या प्रकाशनाने काढली. तुम्ही ती उघडाल तेव्हा पहिली दहा-पंधरा पाने अडखळायला होईल. मोठ्याने वाचून पाहा, सूर सापडतो. आणि वर्षांचे अंतर लक्षात ठेवा. स्वीटवॉटर नदी ओलांडताना युटाहून आलेल्या तरुणांनी अशक्त माणसांना उचलून पलीकडे नेले, हे पेशन्सने कृतज्ञतेने लिहिले आहे. पुढे 1914 मध्ये छापलेल्या एका वृत्तान्तात या तरुणांची कथा वाढली: तीनच मुले, त्यांनी जवळजवळ सगळा तांडा वाहून नेला, आणि त्या श्रमाने तिघेही पुढे दगावले. चॅड ऑर्टन या संशोधकाने जुनी कागदपत्रे तपासून दाखवले की मदत करणारे तिघांहून अधिक होते आणि मृत्यूची गोष्ट टिकत नाही. म्हणून मूळ लेखन आणि नंतरची गौरवकथा शेजारी ठेवून वाचण्याची सवय इथे सुरुवातीपासूनच लावून घ्यावी. गौरवकथा वजा केल्यावर मूळ प्रसंग लहान होत नाही, हे तुमच्या लवकरच लक्षात येईल.

तिची पुढची साठाहून अधिक वर्षे बहुतेक लेखक दोन ओळींत उरकतात. त्यांनाही वेळ द्यावा. 1857 मध्ये युटावर अमेरिकन सैन्य चालून आले. त्याच सैन्यातल्या जॉन रोझा या हंगेरीत जन्मलेल्या सार्जंटशी पेशन्सने 1858 मध्ये लग्न केले. मॉर्मन मुलीने छावणीतला शिपाई निवडावा, हे त्या काळी सोपे नव्हते. यादवी युद्धात ती त्याच्याबरोबर पूर्वेला वॉशिंग्टनपर्यंत गेली, 1866 मध्ये परतीच्या वाटेवर तो वारला, आणि तीच मैदाने तिने पुन्हा एकदा, आता विधवा म्हणून, ओलांडली. पुढे तिने खाण कामगारांसाठी स्वयंपाक केला, मुले वाढवली, नव्वदी पार केली.

पेशन्सबरोबर जीन रिओ बेकरलाही वाचावे. लंडनची ही सुखवस्तू विधवा 1851 मध्ये मुलाबाळांसह, पियानोसुद्धा घेऊन निघाली. समुद्रावर तिचा चार वर्षांचा मुलगा जोसाया गेला. तिने रोजनिशी ठेवली, त्यामुळे पेशन्सच्या लेखनात नसलेली ताजी नजर तिच्याकडे आहे. पण खरी किंमत आहे ती 1869 मध्ये जोडलेल्या मजकुराला. ऑग्डेनजवळची वीस एकर जमीन खारपड निघाली, शिवणकामावर गुजराण करावी लागली, अपेक्षाभंग झाला, हे तिने स्पष्ट लिहिले आणि ती कॅलिफोर्नियाला निघून गेली. तिची वंशज सॅली डेंटन हिने 2005 मध्ये तिच्यावर पुस्तक लिहिले. राहिलेली आणि निघून गेलेली, अशा दोघींना एकत्र वाचल्याशिवाय या इतिहासाचा तोल सांभाळता येत नाही. आणि वेल्समध्ये 1857 साली जन्मलेली मार्था ह्यूज कॅनन! बालपणी याच वाटेने आलेली ही मुलगी पुढे डॉक्टर झाली आणि 1896 मध्ये अमेरिकेतली पहिली स्त्री राज्य सिनेटर म्हणून निवडून आली, तेही ज्या निवडणुकीत तिचा नवराही उमेदवार होता त्या निवडणुकीत.

बहुपत्नीत्वाचा प्रश्न वाचकांच्या मनात येणारच. 1852 मध्ये पंथाने ते उघडपणे जाहीर केले, 1890 मध्ये नवी लग्ने थांबवण्याची घोषणा केली, आणि मार्था कॅननसारख्या कित्येकींचे आयुष्य त्याने घडवले आणि मोडलेही. त्या प्रश्नाला बगल देऊ नये, पण सुरुवातही तिथून करू नये, कारण मग प्रत्येक स्त्री फक्त कुणाची तरी कितवी बायको एवढीच उरते. दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. या लेखनातले खोरे रिकामे भासते. ते रिकामे नव्हते. यूट, शोशोनी आणि गोशूट लोकांची ती भूमी होती, आणि नव्या गावांनी त्यांचे पाणी, कुरणे आणि शिकार हिरावली. पेशन्सचे दुःख वाचताना ही माणसे पानाबाहेर उभी आहेत, याचे भान सोडू नये.

मराठी अभ्यासकांना या विषयात आपले असे एक कामही आहे. 1852 मध्ये ह्यू फिंडले हा स्कॉटिश मॉर्मन प्रचारक मुंबईत उतरला आणि त्याने पुण्यात एक लहानशी मंडळी जमवली. त्याची पत्रे ‘मिलेनियल स्टार’मध्ये, म्हणजे पेशन्सचे पत्र छापणाऱ्या त्याच नियतकालिकात, येत होती. कलकत्त्याहून कंपनी सरकारच्या नोकरीतले मॅथ्यू मॅक्यून यांचे कुटुंब 1857 मध्ये युटाला पोचले. उशिरा निघू नका, बर्फात माणसे मरतील, असे विलीच्या तांड्याला बजावणारा लीव्हाय सॅव्हेज नुकताच कलकत्ता आणि ब्रह्मदेशातली प्रचारयात्रा संपवून परतला होता. पुण्या-मुंबईहून आलेली फिंडलेची ती पत्रे इथल्या तत्कालीन वृत्तपत्रांशी ताडून कुणी वाचली, विशेषतः त्या मंडळीतल्या स्त्रिया कोण होत्या एवढ्याच प्रश्नासाठी वाचली, तर मराठीत एक चांगला प्रबंध सहज उभा राहील.