झाड कुणाचे? वृक्षसंगोपनाच्या परंपरेचा एक ऐतिहासिक आढावा

पावसाळ्याच्या तोंडावर गावोगावी वृक्षारोपणाचे कार्यक्रम होतात. तत्कालीन केंद्रीय अन्न व कृषिमंत्री कन्हैयालाल मुन्शी यांनी इ. स. 1950 मध्ये वनमहोत्सवाला देशव्यापी रूप दिले, तेव्हापासून ही प्रथा चांगलीच रुजली. महाराष्ट्र शासनाने इ. स. 2016 ते 2019 या चार वर्षांत अनुक्रमे 2, 4, 13 आणि 33 कोटी रोपांची उद्दिष्टे ठेवली होती. ही उद्दिष्टे लागवडीची होत. लावलेले रोप तिसऱ्या उन्हाळ्यापर्यंत कोण जगवणार, हा प्रश्न मात्र बहुधा मागे राहतो. 'खड्डा तोच, रोप नवे' असे लोक गमतीने म्हणतात, त्यामागे हाच अनुभव आहे. इतिहासाच्या साधनांत या प्रश्नाचे उत्तर शोधले, तर लावणाऱ्याइतकेच, किंबहुना अधिक महत्त्व झाड राखणाऱ्याच्या हक्काला दिलेले आढळते.

या संदर्भात मराठीतील सर्वांत महत्त्वाचे साधन म्हणजे रामचंद्र नीलकंठ अमात्य बावडेकर यांचे 'आज्ञापत्र'. त्यातील झाडांविषयीचा मजकूर शिवाजी महाराजांचे पत्र म्हणून सर्रास छापला जातो. वस्तुतः हा ग्रंथ कोल्हापूरच्या संभाजीराजांच्या कारकिर्दीत, इ. स. 1715-16 च्या सुमारास सिद्ध झाला. अमात्यांनी शिवकाल स्वतः पाहिला होता आणि त्या राजनीतीचे सार त्यांनी यात मांडले, एवढे म्हणणे योग्य ठरेल. विद्यार्थ्यांना हा फरक सांगणे आवश्यक आहे.

आज्ञापत्रात झाडांचा विचार दोन ठिकाणी येतो. दुर्गप्रकरणात फणस, चिंच, वड, पिंपळ यांसारखे मोठे वृक्ष, लिंबू-नारिंगासारखी लहान झाडे, फुलझाडे आणि वेलीही गडावर लावाव्यात व जतन कराव्यात, असे सांगितले आहे. प्रसंगी निदान त्यांची लाकडे तरी कामास येतील, हा त्यामागचा व्यवहारी हिशेब होय. आरमारप्रकरणातील विचार याहून खोल आहे. जहाजांसाठी सागवान लागते. ते हुजूरच्या परवानगीने राज्यातील अरण्यातून तोडावे आणि कमी पडेल ते परमुलखातून विकत आणावे. आंबा-फणसाचे लाकूडही आरमाराच्या उपयोगाचे असते, परंतु त्याला हात लावू देऊ नये. ही झाडे वर्ष-दोन वर्षांत होत नाहीत. रयतेने ती लावून लेकरांसारखी वाढवलेली असतात. ती तोडल्यास रयतेच्या दुःखाला पार राहत नाही आणि त्याचा दोष धन्याच्या पदरी येतो. एखादे झाड फारच जीर्ण झाले असेल, तर मालकाला राजी करून, पैसे देऊन, त्याच्या संतोषाने तोडावे; बळजोरी सर्वथा करू नये. आरमार ही राज्याची निकडीची गरज होती. तरीही तिच्यापुढे शेतकऱ्याचा झाडावरील हक्क येथे स्वतंत्रपणे मानला आहे, ही बाब लक्षणीय होय.

हाच विचार मोगल साधनांतही दिसतो. शेरशाह सूरीने (कारकीर्द 1540-45) हमरस्त्यांच्या दोन्ही बाजूंना फळझाडे लावली व सराया बांधल्या, असे अब्बास खान सरवानी याने नोंदवले आहे. जहांगीरने आग्र्यापासून अटकपर्यंत व बंगालपर्यंत रस्त्याच्या दुतर्फा झाडे लावण्याचा हुकूम दिला. परंतु त्याच्या 'तुझुक'मधील एक कथा या हुकमापेक्षा अधिक बोलकी आहे. एक बादशहा उन्हातून दमून बागेत येतो. माळ्याची मुलगी एका डाळिंबाच्या रसाने पेला भरून देते. बागांवर कर बसवला तर मोठे उत्पन्न येईल, असा विचार बादशहाच्या मनात येतो. दुसरा पेला मागवल्यावर मुलीला फार वेळ लागतो आणि रसही थोडाच निघतो. राज्यकर्त्याची नियत बदलली असावी, असे माळी म्हणतो. बादशहा मनातला विचार टाकून देतो आणि पेला पुन्हा भरतो. ही कथा सांगून जहांगीर नमूद करतो की, त्याच्या राज्यात फळझाडांवर कर नाही आणि लागवडीच्या जमिनीत कोणी बाग केल्यास तिला महसूल माफ आहे. कथा नीतीची असली, तरी निर्णय महसुली आहे. बागेचे फळ माळ्याकडे राहिले तरच बाग टिकते, हे त्यात ओळखले होते.

मराठी इनामपत्रांत जल, तरु, तृण, काष्ठ, पाषाण अशी हक्कांची गणना येते. त्यावरून झाड हा दस्तऐवजात स्वतंत्रपणे नोंदण्याजोगा हक्क होता, हे स्पष्ट होते.

ब्रिटिश अमलात इ. स. 1865 व 1878 च्या वनकायद्यांनी अरण्यांवर सरकारचा ताबा घट्ट केला. रस्त्याकडेच्या झाडांबाबत मात्र इ. स. 1879 च्या मुंबई जमीन महसूल अधिनियमाने मध्यम मार्ग स्वीकारला. तेव्हा मुंबई इलाख्यात असलेल्या बेळगाव, विजापूर व धारवाड जिल्ह्यांनाही तो लागू होता. त्याच्या कलम 42 नुसार सरकारने किंवा स्थानिक निधीतून रस्त्याकडेला वाढवलेली झाडे सरकारच्या मालकीची ठरली. मात्र त्यांचे उत्पन्न ती झाडे ज्या जमिनीत वाढत, तिच्या धारकाला मिळे. झाड वाळले वा वादळात पडले तर लाकूडही त्याचेच. फांद्या छाटण्यास तेवढी कलेक्टरची परवानगी लागे. चिंचेचे वा आंब्याचे फळ ज्याच्या घरी येणार, तो त्या झाडावर कुऱ्हाड पडू देणार नाही, ही साधी गोष्ट त्यामुळे कायद्यात आली.

ज्या लोकांकडे असा हक्कही नव्हता, त्यांनी केवळ ममतेने झाडे राखल्याचे उदाहरण कर्नाटकात आहे. मागडी तालुक्यातील हुलिकल ते कुदूर या रस्त्यावर सालुमरद तिम्मक्का व त्यांचे पती चिक्कय्या यांनी सुमारे 385 वड लावले. मूल नसलेल्या या मजूर दांपत्याने घागरींनी पाणी घालून आणि काट्यांचे कुंपण करून ती रोपे मुलांसारखी वाढवली. इ. स. 2019 मध्ये तिम्मक्कांना पद्मश्री मिळाली. त्याच वर्षी रस्तारुंदीकरणात ही झाडे जाण्याची वेळ आली, तेव्हा त्यांनी मुख्यमंत्र्यांकडे दाद मागितली आणि पर्याय शोधण्याचे ठरले. 14 नोव्हेंबर 2025 रोजी त्यांचे निधन झाले. हैदराबाद-विजापूर रस्त्यावरील चेवेल्ला परिसरातील जुन्या वडांसाठी मात्र नागरिकांना राष्ट्रीय हरित लवादाकडे जावे लागले. प्रश्न दोन्हीकडे एकच होता: झाड पाडण्यापूर्वी कुणाला विचारायचे?

आज्ञापत्राचे उत्तर स्पष्ट आहे: ज्याने वाढवले त्याला. महाविद्यालयांना यातून दोन कामे हाती घेता येतील. परिसरातील इनामपत्रे, वक्फनामे व महसुली उतारे तपासून जुन्या झाडांची व त्यांच्या राखणदारांची नोंद करणे, हे पहिले. दुसरे असे की, नवे रोप लावताना त्याच्या संख्येबरोबर ते सांभाळणाऱ्याचे नाव आणि त्याच्या फळावरील हक्कही नोंदवहीत लिहिणे. अशी नोंद असलेल्या रोपाला तिसऱ्या उन्हाळ्यातही कोणीतरी पाणी घालील.