‘द हॅपी प्रिन्स’मधील करुणा आणि तिचा काळ

ऑस्कर वाइल्ड (१८५४–१९००) याचा ‘द हॅपी प्रिन्स अँड अदर टेल्स’ हा पाच कथांचा संग्रह मे १८८८ मध्ये लंडन येथे डेव्हिड नट यांनी प्रसिद्ध केला. त्यातील शीर्षककथा आत्मत्यागाचा बोधपाठ म्हणून मुलांना सांगितली जाते. हा अर्थ चुकीचा नव्हे. परंतु कथा तिच्या काळाशी ताडून पाहिली असता तो अपुरा ठरतो.

सोन्याने मढविलेला राजपुत्राचा पुतळा तलवारीच्या मुठीवरील माणिक, दोन्ही डोळ्यांचे नीलमणी व अखेरीस अंगावरील सुवर्णपत्रे पाकोळीकरवी दरिद्री लोकांस वाटून टाकतो. माणिक शिवणकाम करणाऱ्या स्त्रीस मिळते, एक नीलमणी नाटककार तरुणास व दुसरा काड्या विकणाऱ्या मुलीस. कथेतील नगर निनावी असले तरी ही माणसे तत्कालीन लंडनच्या वाचकास अपरिचित नव्हती. १३ नोव्हेंबर १८८७ रोजी ट्रफॅल्गर चौकातील निदर्शने बळाने मोडण्यात आली होती. आणि संग्रह निघाल्यानंतर दोनच महिन्यांनी, जुलै १८८८ मध्ये, ब्रायंट अँड मे या कारखान्यातील आगकाड्या करणाऱ्या मुलींनी संप पुकारला.

येथे एक गोष्ट विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. दान मिळालेल्यांपैकी एकालाही दात्याची ओळख पटत नाही. शिवणकाम करणारी निद्रिस्त असते. नाटककारास ती कोणा चाहत्याची भेट वाटते. मुलगी नीलमण्यास काचेचा तुकडा समजते. कृतज्ञतेला कथेत मुळी स्थानच नाही. हा योगायोग म्हणता येत नाही. फेब्रुवारी १८९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘द सोल ऑफ मॅन अंडर सोशॅलिझम’ या निबंधात वाइल्डने गरिबांकडून कृतज्ञतेची अपेक्षा करणे अन्यायाचे ठरविले आणि दानधर्माने दारिद्र्याचा रोग बरा न होता लांबतो, असे प्रतिपादन केले. कथेतही पाकोळी थंडीने मरते, पुतळा भट्टीत जातो, आणि नगराध्यक्ष व सभासद नव्या पुतळ्याच्या मानासाठी भांडत राहतात. नगरव्यवस्थेत तिळमात्र पालट होत नाही.

भाषेच्या दृष्टीनेही एक मुद्दा नोंदविणे अवश्य आहे. इंग्रजीत पक्ष्याचे लिंग व्याकरणाने ठरत नाही. तरीही वाइल्डने पक्ष्यास पुल्लिंगी व त्याच्या पूर्वीच्या प्रेयसीस, म्हणजे बोरूस, स्त्रीलिंगी सर्वनाम योजले आहे. मराठीत ‘पाकोळी’ म्हणताच ही निवड पुसली जाते, व दोन पुरुषांचा स्नेह नायक-नायिकेच्या प्रेमकथेसारखा भासू लागतो. भाषांतरकाराने ही हानी निदान जाणली पाहिजे.

तेव्हा प्रश्न उरतो तो असा: त्यागाने जग बदलत नसेल, तर त्याचे मूल्य काय? भग्न शिशाचे हृदय व मृत पक्षी ही नगरातील सर्वांत मोलाची वस्तू होत, असा निवाडा वाइल्ड ईश्वराच्या मुखी घालतो. मात्र तो निवाडा नगराच्या बाहेर, स्वर्गात होतो. करुणेचे मोल मान्य करूनही तिला न्यायाची जागा न देणे, हेच या कथेचे वैशिष्ट्य होय.